जगतापांची कथा

मैत्रिणींनो, विज्ञानकथा लिहिली तर पाठवायची कुठं, असं मागच्या बैठकीत एकीनं विचारलं. त्यावरून आम्हाला १९७४ सालची मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा आठवली. जयंत नारळीकरांनी तिला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण नाव घातलं नारायण विनायक जगताप! स्वतःचीच आद्याक्षरं उलटी फिरवलेली. शास्त्रज्ञाच्या नावाला परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, म्हणून. अक्षरही ओळखू नये, तर कथा उतरवून दिली पत्नी मंगलाताईंनी. त्या स्वतः गणितज्ञ, हे मात्र सांगायचं राहून जातं. पहिलं बक्षीस जगतापांनाच मिळालं. आमच्यातल्या दोघीतिघी टोपणनावानं लिहितात, ते घरी कळू नये म्हणून.