पळसाचा पुतळा आणि ढाका हिमनदी

आमच्या लाखांदूरला डोंगर नाही. चुलबंद आहे, वैनगंगा आहे, धानाच्या बांध्या आहेत आणि फाल्गुनात पेटलेला पळस आहे. त्यामुळे बर्फात हरवलेल्या विमानावर मी लिहिणं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण शनिवारचं डिप्लॉयमेंट पुढे ढकललं गेलं, २०२४ ची एक बातमी पुन्हा नजरेस पडली आणि सगळा वीकेंड त्यातच गेला.

तर मंडळी, ७ फेब्रुवारी १९६८. वायुसेनेचं एक एएन-१२, म्हणजे चार इंजिनांचं रशियन मालवाहू विमान, चंदीगडहून लेहला निघालं. आत १०२ माणसं. बहुतेक सगळे जवान. पुढे हवामान बिघडलं, वैमानिकाने परत फिरायचं ठरवलं, आणि रोहतांग खिंडीच्या आसपास संपर्क तुटला. तो कायमचाच. ना अवशेष, ना धूर. काही दिवसांनी वदंता उठली की विमान पाकिस्तानात उतरवलंय आणि आपली माणसं तिथल्या तुरुंगात आहेत. घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला असेल तर त्यांना भोळं म्हणवत नाही. प्रेत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार?

आजी एक गोष्ट सांगायची. गावातला एक जण घर सोडून गेला तो परतलाच नाही. बारा वर्षं वाट पाहिली, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तेव्हा कुठे त्याच्या बायकोने कुंकू पुसलं. लहानपणी मला ते भयंकर वाटायचं. आता वाटतं, त्या लोकांना निदान तारीख तरी ठरवता आली. (कायदा सात वर्षांतच मृत मानतो. आमची परंपरा जरा जास्त आशावादी दिसते!)

या १०२ जणांचा पहिला माग लागला २००३ मध्ये, ३५ वर्षांनी. लाहौलमधल्या दक्षिण ढाका हिमनदीवर गिर्यारोहकांना एका शिपायाच्या देहाचे अवशेष मिळाले. त्यानंतर सेनेच्या डोग्रा स्काउट्सनी तिथे मोहिमा काढल्या. २०१९ पर्यंत मिळाले फक्त पाच. त्याच वर्षी ५,००० मीटरहून जास्त उंचीवर इंजिन, पंखा, कॉकपिटचं दार असे विमानाचे भाग सापडले.

इतकी वर्षं का लागली, यातला इंजिनिअरिंगचा भाग मला फार आवडला. हिमनदी नावाप्रमाणे वाहते. वरच्या भागात पडलेली वस्तू दरवर्षीच्या बर्फाखाली गाडली जाते, बर्फाबरोबर आतल्या आत खाली सरकत राहते आणि जिथे वितळणं जास्त, त्या खालच्या टोकाकडे पुन्हा वर येते. फर्स्ट इन, फर्स्ट आउट असा क्यू समजा, फक्त एकेक आयटम बाहेर यायला दशकं लागतात. २४ जानेवारी १९६६ ला डॉ. होमी भाभांना घेऊन जाणारं एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँवर आदळलं, त्यात ११७ जण गेले. तिथल्या बोसाँ हिमनदीने २०१२ मध्ये त्यातली राजनैतिक टपालाची पिशवी बाहेर टाकली. २०२० मध्ये तर इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याच्या बातमीची वर्तमानपत्रं निघाली, वाचता येतील अशी!

माँ ब्लाँला पर्यटक जातात, त्यामुळे कुणीतरी ते उचलतं. ढाका हिमनदीवर कोण जाणार? अरुणाचलचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात आसामहून चीनला रसद नेणारी पाचशेहून अधिक विमानं ‘हम्प’च्या मार्गावर गेली, त्यांचे सांगाडे अजून जंगलात निघतात. त्यांच्यासाठी निदान २०२३ मध्ये पासीघाटला संग्रहालय उघडलं.

असो. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यूच्या पथकाला आणखी चार देह मिळाले. त्यातला एक केरळचा क्राफ्ट्समन, गेला तेव्हा वय २२. आईवडील तोवर नव्हते. ५६ वर्षांनी शवपेटी घरी आली ती भावंडांनी उतरवून घेतली, आणि गावच्या चर्चमध्ये त्याला लष्करी मानाने पुरलं.

१०२ पैकी नऊ झाले. त्या उंचीवर शोध घेता येतो तो बर्फ उघडा पडतो तेवढ्या थोड्या आठवड्यांतच, नवा बर्फ पडेपर्यंत.