सहज

‘सहज आलो होतो’ म्हणत पाहुणा ओसरीवर टेकतो, तेव्हा या शब्दाचं मूळ कोणाच्या ध्यानात नसतं. सह म्हणजे सोबत, ज म्हणजे जन्मलेला. सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहासारख्या विकाराचे, दोन भाग केले: एक अपथ्याने जडलेला, दुसरा सहज, म्हणजे आईबापाच्या बीजदोषातून आलेला. अपथ्यवाला बहुधा स्थूल, सहजवाला कृश आणि तहानलेला. चरकाने तर बीजातून आलेला प्रमेह बरा होत नाही, असा निकालच दिला. लघवीला लागणाऱ्या मुंग्यांची खूणही त्याच्याकडे आहे.

ती खूण धाराशिवच्या ऊसपट्ट्यातल्या बाईला शिकवावी लागत नाही. गुळाच्या ढेपेला लागतात तशा मुंग्या वाळत घातलेल्या लंगोटाला लागल्या, तर ‘दूध सांडलं असेल’ म्हणून झटकू नयेत. वजनात न भरणारं, सारखं लंगोट ओलं करणारं तान्हं असेल तर नक्कीच नाही.

जन्मताच मधुमेह झालेल्या अशा बाळाची पहिली वैद्यकीय नोंद 1852 ची. किट्सेल नावाच्या डॉक्टरने ती लिहिली, आणि बाळ त्याचं स्वतःचं होतं. यातल्या एका प्रकाराचं कारण सापडायला मात्र 1995 साल उजाडलं. सहाव्या गुणसूत्रावर एक जागा अशी आहे, की तिथे बापाकडून आलेली प्रतच बोलते. आईकडची गप्प असते. या बाळांत बापाच्याच दोन प्रती येतात, किंवा त्या प्रतीचा तुकडा दुणावतो, नाहीतर आईच्या प्रतीवरचं कुलूप सुटतं. आवाज दुप्पट झाला की इन्सुलिन आखडतं. एरवी खापर बाळंतिणीच्या खाण्यावर फुटतं. इथे तिच्या खाण्याचा काही संबंध नाही. बापाचाही अपराध नाही म्हणा, बहुतेकदा हा निव्वळ योगायोग.

बाळ जन्मतःच किरकोळ असतं, पहिल्या आठवड्यातच साखर चढते, इन्सुलिन टोचावं लागतं. आणि तीनेक महिन्यांत बहुधा साखर आपोआप उतरते. चरकाचा निकाल इथे फिरला.

अर्धाच फिरला खरा. यातल्या साधारण निम्म्या मुलांत वयात येताना किंवा पुढे साखर परतते. सहा महिन्यांच्या आत मधुमेह दिसला तर जनुकांची तपासणी करावी; चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये ती होते. तो कागद जन्मदाखल्याशेजारी पेटीत जपायचा. मुलगी असेल तर सासरी जाताना सोबत द्यायचा, कारण गरोदरपणातही साखर पुन्हा डोकं वर काढू शकते.