साधा भविष्यकाळ : 'विल' कोठे हवे, कोठे नको

मराठीत भविष्यकाळ क्रियापदाच्या प्रत्ययातच असतो. मी जाईन, तू जाशील, ती जाईल. पुरुष बदलला की रूप बदलते. इंग्रजीत 'विल' हे एकच सहायक क्रियापद सर्वांना चालते व त्यापुढे मूळ क्रियापद येते : 'आय विल गो', 'शी विल गो'. 'शी विल गोज' असे कदापि होत नाही. रचना एवढीच. चुका होतात त्या वापरात, आणि बहुतेक आपल्या मराठी सवयींमुळे.

'उद्या फाइल पाठवतो' असे आपण सहज वर्तमानकाळात म्हणतो आणि त्यात आश्वासनही देतो. त्याचे शब्दशः भाषांतर, 'आय सेंड द फाइल टुमॉरो', हे मात्र इंग्रजीत सदोष ठरते. कार्यालयीन पत्रात तर त्यातून शब्द दिल्याचा अर्थच निघत नाही. तेथे 'आय विल सेंड' हवे. 'विल'चे मूळ जुन्या इंग्रजीतील 'इच्छिणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे आणि तो संकल्प त्यात अजून शिल्लक आहे. 'द कार वोन्ट स्टार्ट' या वाक्यात भविष्य मुळीच नाही. गाडी आत्ताच सुरू व्हायला तयार नाही! इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळच नाही, असे काही व्याकरणकार मानतात ते यामुळेच.

याच्या नेमकी उलट चूक 'तुम्ही घरी पोहोचाल तेव्हा फोन करा' या वाक्यात होते. मराठीत 'पोहोचाल' म्हणून आपण 'व्हेन यू विल रीच होम' लिहितो. योग्य वाक्य 'व्हेन यू रीच होम, कॉल मी' असे आहे. काळ किंवा अट दाखविणाऱ्या 'व्हेन', 'इफ', 'अन्टिल' यांच्या उपवाक्यात सहसा 'विल' येत नाही. परंतु 'तो कधी येईल ठाऊक नाही' यात 'कधी' हा प्रश्न आहे. तेथे 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हेच बरोबर.

घरातले मीठ संपले, असे कोणी सांगितले. 'आय विल गेट सम' म्हणजे ऐकल्यावर घेतलेला निर्णय. 'आय ॲम गोइंग टू गेट सम' म्हणजे ते आधीच ठरलेले होते.

'आय' आणि 'वुई'पुढे 'शॅल' वापरावे, हा नियम जॉन वॉलिस यांच्या 1653च्या व्याकरणात आढळतो व आपल्याकडे शाळांतून तो घोकून घेतला जाई. आज तेथेही 'विल' चालते. 'शॅल' मुख्यतः दोन ठिकाणी उरले आहे. एक, अनुमती विचारताना : 'शॅल आय ओपन द विंडो?' म्हणजे तंतोतंत आपले 'खिडकी उघडू का?' दुसरे, कायद्याच्या भाषेत. भाडेकरारात 'द टेनंट शॅल पे' असे असेल, तर तो भविष्याचा अंदाज नसून बंधन आहे, हे सही करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.