पाऱ्याच्या उजेडातले चेहरे

पणजीच्या जुन्या छायाचित्रात कपाळावरचे कुंकू काळे दिसते आणि तांबडे लुगडेही शाईत बुडवल्यासारखे. एवढ्यावरून ते लुगडे चंद्रकळा ठरवणे सोपे आहे, पण धोक्याचे. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग उत्तम दिसे, तांबडा दिसतच नसे. 1873मध्ये हर्मन फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्लेटच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिची नजर हिरव्यापर्यंत पोहोचवली. तरीही नेहमीच्या वापरातल्या प्लेटा आणि फिल्म पुढे कित्येक वर्षे तांबड्याला आंधळ्याच राहिल्या.

या आंधळेपणाला जोडीदार मिळाला तो विजेच्या दिव्यांमुळे. अमेरिकेच्या पीटर कूपर ह्युइटने 1901मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे पेटंट घेतले. या लांब काचेच्या नळ्यांतून निळसर हिरवा उजेड पडे. त्यात तांबडे जवळजवळ काहीच नसे. त्याखाली माणूस बुडून मेल्यासारखा दिसे, ओठ काळेनिळे पडत. दिवाणखान्यात असला दिवा कोण लावील? फिल्मला मात्र नेमका हाच उजेड मानवला. न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर बायोग्राफ कंपनी एका जुन्या घरात या नळ्यांखाली चित्रीकरण करी. ग्रिफिथने 1908मध्ये दिग्दर्शनाला सुरुवात केली ती तिथेच. (आपल्याकडे दादासाहेब फाळके 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी सूर्यावर अवलंबून होते. तो फुकट होता आणि मुबलकही.)

नटांना मात्र हा उजेड अंगावर घ्यावा लागे. गालावरची लाली फिल्मवर मळाच्या डागासारखी उमटे, निळे डोळे पांढुरके होत. म्हणून चेहऱ्यावर असा रंग थापावा लागे, की तो नट रस्त्यावर गेला असता तर लोक बिचकले असते. जोडीला आर्क दिवे असत. त्यांच्या अतिनील किरणांनी डोळे सुजत, पाणी गळे आणि कधी कधी काम थांबवून अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागे. मूकपटातल्या त्या पांढऱ्या चेहऱ्यांना आणि काळ्या ओठांना आपण अभिनयाची शैली म्हणतो; माझ्या मते त्यातला निम्मा वाटा रसायनाचा आहे.

साधा बल्ब का वापरला नाही? त्याचा उजेड पिवळा-तांबडा, म्हणजे फिल्मला न दिसणारा. सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म ईस्टमन कोडॅकने 1913मध्येच चित्रपटांसाठी तयार केली होती. पण ती महाग होती आणि लवकर खराब होई. संपूर्णपणे तिच्यावर घेतलेला ‘द हेडलेस हॉर्समन’ आला तो 1922मध्ये.

निकाल लावला तो डोळ्याने नव्हे, कानाने. बोलपट आले आणि आर्क दिव्यांची गुणगुण मायक्रोफोनमध्ये शिरू लागली. बल्ब मुका होता. 1928च्या सुरुवातीला हॉलिवूडच्या अकादमीने वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत बल्ब आणि नवी फिल्म यांच्या चाचण्या घेतल्या, आणि पाऱ्याच्या नळ्यांचे दिवस भरले.

रंगभूषाकार मॅक्स फॅक्टरला सगळी रंगपेटी नव्याने मांडावी लागली. कारण आता गोष्ट उलटली होती. बल्बच्या उजेडात तांबडे इतके भरपूर, की पूर्वी काळे येणारे ओठ नव्या फिल्मवर फिकट पडू लागले. पणजीचे कुंकूही तिथे कपाळावर जेमतेमच उमटले असते.