‘ख्रिस्तायना’चे उरलेले अध्याय

के. आर. पुरममधल्या आमच्या इमारतीत तमिळ, मल्याळी, कोकणी अशी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांना मराठी ख्रिस्ती परंपरेबद्दल सांगायचे तर मी लक्ष्मीबाई टिळकांपासून सुरुवात करते. मग हमखास विचारले जाते, न सांगता धर्म बदलणाऱ्या नवऱ्याला त्यांनी क्षमा केली ना? ‘हो’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. इकडे लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू, आणि नवरा हयात असून संसार मोडलेला. ज्या माहेरी त्या वाढल्या तिथे सोवळ्यापायी किराणासुद्धा धुऊन घेत. त्या घरच्या मुलीला हा घाव केवढा बसला असेल! काही वर्षांनी त्या टिळकांकडे राहायला गेल्या, पण हिंदू म्हणूनच, आपले खाणेपिणे वेगळे ठेवून. जातिभेद माणसांनीच केला हे त्यांना पटले ते स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागोमाग गेलेली पतिव्रता असे त्यांचे चित्र काढणारे मधली पाच वर्षे गाळून टाकतात.

मे १९१९ मध्ये टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालवले. चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या श्रद्धेने एके काळी त्यांचे घर मोडले होते, तिचेच हे काव्य. शोक करण्याची ही त्यांची रीत असावी.

आणि याच बाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत निघाली. त्यांत टिळकांचा शीघ्रकोप, हातात पैसा न टिकणे, न सांगता निघून जाणे, सगळे नोंदलेले आहे. हसत हसत, पण काही वगळलेले नाही. क्षमेवरच्या प्रवचनांत विसरून जाण्याचा सल्ला हळूच मिसळलेला असतो, आणि तो बहुधा बायकांच्या वाट्याला येतो. लक्ष्मीबाई विसरल्या नाहीत. तक्रार मागे न घेताच त्यांनी माणसाला जवळ केले, आणि त्याच्या माघारी त्याचे काम हाती घेतले. म्हणून शेजाऱ्यांना मी ‘हो’ म्हणते, पण ‘स्मृतिचित्रे’ वाचा असेही सांगते. त्याचे इंग्रजी भाषांतर मिळते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ‘ख्रिस्तायना’चा शेवटचा अध्याय राहिला होता. तो देवदत्त टिळकांनी, म्हणजे त्या दत्तूने, लिहिला.