सायकलच्या बैठकीची कुळकथा

सायकलीवरून प्रथमच पाच-सहा कोस जाऊन आलेला मनुष्य घरी आल्यावर खुर्चीत न बसता उभाच का राहतो, हे अनुभवी वाचकांस सांगावयास नको. तथापि चाके व साखळी ह्यांचे इतिहास लिहिणारे ग्रंथकार बैठकीस बहुधा दोन ओळींत वाटेला लावतात. आम्हांस हा अन्याय वाटतो.

१८१७ साली मानहाइम येथे कार्ल ड्राइस ह्याने आपली लाकडी दुचाकी रस्त्यावर आणली. तीस पायडल नव्हते. गादीच्या बैठकीवर बसून पायांनी जमीन मागे रेटीत जावयाचे. १८६०नंतरच्या दशकात पॅरिसला पायडलांची गाडी निघाली. तिच्या चाकांस लोखंडी धावा, आणि खाली दगडी फरसबंदी! बैठकीखाली लांब लोखंडी कमान असूनही इंग्रजांनी तिचे नाव ठेविले ते हाडे खिळखिळी करणारी म्हणूनच.

खरा उपाय सुचला तो एका जीनगरास. बर्मिंगहॅमचे जॉन बोल्टबी ब्रुक्स हे घोड्यांचे साज करीत. १८७८ साली त्यांचा घोडा मेला, त्यांनी उसनी सायकल घेतली, आणि ती बैठक त्यांस असह्य झाली, अशी हकीकत त्यांच्या कारखान्यात सांगत आले आहेत. हकीकत थोडी रंगविलेली असेल. १८८२चे पेटंट मात्र खरे. लोखंडी सांगाड्याच्या पुढील व मागील टोकांमध्ये जाड कातडे ताणून बसवावयाचे, आणि सैल पडल्यास बाजेची नवार आवळावी तसे नाकाखालील नटाने आवळावयाचे, अशी ही योजना. नव्या कोल्हापुरी वहाणेप्रमाणे हे कातडे आरंभी छळते. पुढे बसणाऱ्याचाच आकार घेते. कारण आपण बसतो ते कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. गुबगुबीत गादीत ती हाडे रुततात आणि सारा दाब मधल्या नाजूक भागावर येतो. दुकानात सुखाची वाटलेली बैठक दहा मैलांवर वैरीण होते ती ह्यामुळे.

१८८८ साली डनलॉपने हवेचे टायर काढले, आणि पुढील दशकात युरोप-अमेरिकेतील स्त्रिया मोठ्या संख्येने सायकलीवर बसू लागल्या. त्यासरशी वैद्यांत वाद माजला. स्त्रीस बैठक टोचते काय, ह्यापेक्षा तिजपासून तिला भलते सुख तर होत नाही ना, हीच चिंता काहींस अधिक होती! दुखणे तिचे, आणि निवाडा तिच्या शीलाचा. कारखानदारांनी मात्र ह्या भीतीचा लाभ उठवून मध्ये फट असलेल्या, अथवा दोन सुट्या गाद्यांच्या ‘आरोग्यकारक’ बैठकी विकल्या. मौज ही की, हेतू कसाही असो, युक्ती चुकीची नव्हती. लांबच्या प्रवासात पुरुषांसही बधिरता येते हे वैद्यकाने पुढे मान्य केले, आणि आज हाडांमधील अंतर मोजून मधोमध खाच असलेल्या बैठकी दोघांसाठीही करतात.

आपल्याकडील काळ्या सायकलींवर ताठ बसावयाचे, म्हणून त्यांची कातडी सीट रुंद, खाली गोल स्प्रिंगा. पावसाने भिजून ते कातडे मध्ये खचले म्हणजे नटही फारसा कामास येत नसे. म्हणून पावसाळ्यात सीटवर पिशवी बांधलेली दिसे.