उशिरा बोलणारी मुले

दोन वर्षांच्या आसपासचे एखादे मूल ऐकते, समजून घेते, खेळते, पण त्याच्या वयाच्या मानाने फारच थोडे शब्द बोलते, तेव्हा त्याचा उल्लेख उशिरा बोलणारे मूल असा केला जातो. हा स्वतंत्र आजार नव्हे. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ही वाढीतील तात्पुरती अवस्था असते. काहींच्या बाबतीत मात्र ती श्रवणदोष, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा दीर्घकाळ टिकणारी भाषिक अडचण यांची पहिली दृश्य खूण ठरते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस या दोन गटांतील भेद खात्रीने करता येत नाही. पालकांची कोंडी आणि या विषयातील वैद्यकीय मतभेद यांचे मूळ या एकाच गोष्टीत आहे.

स्वरूप व व्याख्या

बोलणे उशिरा येणे आणि बोबडे बोलणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘र’च्या जागी ‘ल’ किंवा ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणारे दोन-अडीच वर्षांचे मूल शब्द व वाक्ये वापरत असते, फक्त उच्चार पक्के झालेले नसतात. ‘र’, ‘ळ’ यांसारखे ध्वनी अनेक मुलांना बरेच नंतर साधतात. उशिरा बोलणाऱ्या मुलाकडे मुळात शब्दच कमी असतात. त्यातही दोन प्रकार आढळतात: सांगितलेले सर्व कळते पण बोलत नाही, आणि कळणेही वयाच्या मानाने मागे आहे. दुसरा प्रकार अधिक काळजीचा मानला जातो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये पालकांनी भरावयाची एक शब्दयादी प्रसिद्ध केली. दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासहून कमी शब्द असणे किंवा दोन शब्द जोडून बोलता न येणे हा त्यातील निकष पुढे जगभर रूढ झाला. ‘पाणी दे’, ‘बाबा गेला’ ही अशा जोडणीची मराठी उदाहरणे होत. पन्नास शब्दांत ‘काऊ’, ‘भूभू’, ‘मम्मम’, ‘बाऊ’ असे बाळबोलीतील शब्दही धरले जातात, ही गोष्ट पालकांना बहुधा माहीत नसते. त्यामुळे घरी केलेली मोजणी पुष्कळदा प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. मूल एकच ध्वनी एकाच वस्तूसाठी सातत्याने वापरत असेल तर तोही शब्दच होय.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपल्या विकासतक्त्यात पन्नास शब्दांचा टप्पा तीस महिन्यांवर ठेवला. बहुसंख्य मुले जे करतात तेच तक्त्यात असावे, हा त्यामागील विचार होता. अनेक वाचोपचारतज्ज्ञांनी त्यावर टीका केली. मदतीची गरज असलेल्या मुलांची ओळख यामुळे आणखी लांबेल, असा त्यांचा आक्षेप होता.

शब्द येण्यापूर्वीची चिन्हे शब्दसंख्येइतकीच महत्त्वाची असतात. सुमारे सहा महिन्यांनंतर ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड आणि वर्षाच्या सुमारास बोट दाखवणे, टाटा करणे, नावाला प्रतिसाद देणे या गोष्टी अपेक्षित असतात. वर्षभरात बडबड वा हावभाव न दिसणे, दीड वर्षापर्यंत एकही शब्द न येणे आणि कोणत्याही वयात आलेले शब्द नाहीसे होणे या परिस्थितींत थांबून वाट पाहू नये, याबाबत तज्ज्ञांत एकमत आहे.

कारणे

पुष्कळ मुलांच्या बाबतीत निश्चित कारण सापडत नाही. मुलग्यांत हे प्रमाण मुलींपेक्षा अधिक आहे. कुटुंबात कोणी उशिरा बोललेले असणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतः कमी वजन यांचाही संबंध दिसून आला आहे. ‘याचे वडीलही उशिरा बोलले’ हे घरातील वाक्य त्यामुळे निराधार नसते. मात्र ते दिलासा म्हणून वापरले जाते, वस्तुतः ते जोखमीची नोंद आहे.

सर्वप्रथम तपासावयाची गोष्ट म्हणजे श्रवण. मागे टाळी वाजवली, ताट पडले की मूल वळते, म्हणून त्याला ऐकू येते असे अनुमान घरोघरी काढले जाते. मोठा आवाज, जमिनीतून जाणवणारा कंप किंवा डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलेली हालचाल यांनीही मूल वळू शकते. बोलणे समजण्यासाठी लागणारे बारीक ध्वनी त्याला ऐकू येतातच असे यावरून सिद्ध होत नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे दीर्घकाळ पाणी साचून राहिल्यानेही ऐकणे मंदावते. लहान मुलांच्या श्रवणाची तपासणी ओएई आणि बेरा या चाचण्यांनी होते. मुलाने उत्तर देण्याची त्यांत गरज नसते. बेरा चाचणी मूल झोपलेले असताना केली जाते, म्हणून पालकांना त्या दिवशी मुलाला उशिरापर्यंत जागे ठेवून आणण्यास सांगतात.

स्वमग्नतेत केवळ शब्दांचा अभाव नसतो; नजरेची देवाणघेवाण, बोट दाखवून आनंद वाटून घेणे, अनुकरणाचे खेळ हेही कमी असते. बोलत नसले तरी हात धरून नेणारे, खुणांनी गोष्टी सांगणारे, मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसणारे मूल आणि स्वतःतच गुंतलेले मूल यांतील फरक तज्ज्ञ प्रथम पाहतात.

मोबाइल व दूरचित्रवाणीसमोरील वेळ आणि भाषाविकासातील मागासलेपण यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे, तथापि तो सरळ कार्यकारणाचा आहे काय, यावर वाद आहे. पडद्यासमोर गेलेला वेळ माणसांशी होणाऱ्या संवादातून वजा होतो, हे स्पष्टीकरण सर्वांत पटण्याजोगे वाटते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा देऊच नये आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाची मर्यादा पाळावी, अशी शिफारस केली आहे. वृत्तपत्रांतून प्रचलित झालेली ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ ही संज्ञा मात्र वैद्यकीय वर्गीकरणात मान्य नाही. मोबाइल बंद केला की स्वमग्नता नाहीशी होते, या तिच्या आधाराने केल्या जाणाऱ्या दाव्यांनी योग्य तपासणी लांबणीवर पडते.

पुढील वाटचाल

उशिरा बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांपैकी अर्ध्याहून अधिक मुले शाळेच्या वयापर्यंत समवयस्कांच्या बरोबरीला येतात. रेस्कोर्ला यांनी अशा मुलांच्या एका गटाचा सतराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांचे गुण सर्वसाधारण मर्यादेतच होते, परंतु त्याच सामाजिक स्तरातील इतर मुलांच्या तुलनेत शब्दसंग्रह, व्याकरण व शाब्दिक स्मृती यांत किंचित कमी होते. ज्यांची अडचण चार-पाच वर्षांनंतरही टिकते आणि ज्यामागे दुसरे वैद्यकीय कारण नसते, त्यांच्यासाठी ‘विकासात्मक भाषादोष’ ही संज्ञा आता वापरली जाते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डॉरोथी बिशप यांच्या पुढाकाराने अनेक देशांतील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये तिच्यावर एकमत जाहीर केले.

पालकांची स्थिती

मुलाचे न बोलणे हे चारचौघांत दिसणारे असते. वाढदिवस, लग्नकार्य, सोसायटीतील बाग अशा ठिकाणी समवयस्क मुलांशी तुलना होते आणि ‘अजून बोलत नाही का?’ हा प्रश्न आई-वडिलांना मुलादेखतच विचारला जातो. महाराष्ट्रीय कुटुंबांत याचा बोल प्रायः आईला लागतो: ती नोकरी करते म्हणून, ती फार बोलत नाही म्हणून, तिने मोबाइल हाती दिला म्हणून. नोकरी न करणाऱ्या आईलाही यातून सूट नसते. घरात दोघांशिवाय कोणी नाही, मग मूल कोणाचे ऐकून बोलणार, असे म्हटले जाते. आईची नोकरी किंवा विभक्त कुटुंब यांपैकी एकाही गोष्टीने श्रवण वा विकास सामान्य असलेले मूल बोलायचे थांबते, असा पुरावा नाही.

दुसरा ताण घरातील मतभेदाचा असतो. एकाला तपासणी तातडीने हवी असते, दुसऱ्याला ती मुलावर शिक्का मारण्यासारखी वाटते. आजी-आजोबांचा अनुभव ‘थोडं थांबा, बोलेल’ असे सांगतो, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. त्याच सल्ल्याने काही श्रवणदोष तीन-चार वर्षांपर्यंत लपून राहतात. ही कोंडी सोडवणारा मार्ग साधा आहे: श्रवणचाचणी आणि विकासाची तपासणी यांनी मुलाचे काही बिघडत नाही, त्यामुळे वाट पाहणे आणि तपासणी करणे एकाच वेळी चालू शकते. तपासणीला जाणे म्हणजे निदान स्वीकारणे नव्हे, हे समजावणे हा बालरोगतज्ज्ञाच्या कामाचा भाग मानला जातो.

बालवाडीच्या प्रवेशाचे वय जवळ आले की चिंता वाढते. मूल तहान, शी-शू, दुखणे हे सांगू शकणार नाही, ही भीती रास्त असते. मुलाच्या खुणा आणि त्याचे खास ध्वनी यांची छोटी यादी करून शिक्षिकेला देणे हा अनेक पालकांनी अवलंबिलेला उपाय आहे.

मुलाची बाजू वेगळी असते. काय हवे ते सांगता न आल्याने चावणे, आदळआपट, जमिनीवर लोळण घेणे वाढते आणि मूल हट्टी ठरते. खुणा किंवा चित्रे वापरू दिल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचा आळस करील, हा समज संशोधनाने खोटा ठरवला आहे.

घरातील संवाद

या वयातील वाचोपचाराचा मोठा भाग मुलाऐवजी पालकांना शिकवण्याचा असतो. १९७५ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या हॅनन केंद्राने या पद्धतीला व्यवस्थित रूप दिले. आठवड्यातील एक-दोन तास उपचारतज्ज्ञाकडे जातात, उरलेला सर्व वेळ घरचा असतो, हे त्यामागील साधे गणित आहे.

चिंतेतील पालक नकळत परीक्षक होतात. ‘हे काय आहे? सांग. काऊ म्हण, काऊ’ असा दिवसभर चालणारा प्रश्नांचा मारा मुलाला गप्प करतो. त्याऐवजी मूल जिकडे पाहत आहे त्याविषयी छोटे वाक्य बोलावे आणि थांबावे, असे सांगितले जाते. हे थांबणे मोठ्यांना अवघड जाते. मनात पाच-सात अंक मोजेपर्यंत मुलाकडे अपेक्षेने पाहत राहिल्यास ते काहीतरी करते, नजर, खूण किंवा ध्वनी, आणि तेच त्याचे उत्तर मानून पुढे बोलायचे असते. मुलाने ‘गाडी’ म्हटले की ‘लाल गाडी आली’ असे एक-दोन शब्द जोडून परत द्यावे. चुकीचा उच्चार दुरुस्त करायला लावू नये, बरोबर उच्चार ऐकवावा.

‘बोललास तरच देईन’ ही अट बहुतेक तज्ज्ञ नापसंत करतात. पाणी मागण्यासाठी शब्द नसलेल्या मुलाला तहानलेले ठेवल्याने शब्द येत नाही. पोळी आणि भात दोन्ही दाखवून ‘पोळी हवी की भात?’ असे विचारणे मात्र उपयोगी ठरते.

यासाठी महागड्या खेळण्यांची गरज नसते. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, आंघोळ, चिऊ-काऊचा घास भरवणे यांत तेच शब्द रोज त्याच जागी येतात. बोटे मोजत काखेपर्यंत जाऊन गुदगुल्या करण्याचे खेळ आणि बडबडगीते यांत शेवटचा शब्द गाळून थांबले की तो मूल भरते. पारंपरिक मराठी संगोपनातील हे खेळ उपचारतज्ज्ञ आज जाणीवपूर्वक वापरतात.

समजुती

वेखंडाला संस्कृतात ‘वचा’ म्हणतात आणि वाणी स्वच्छ होण्यासाठी ते बाळगुटीत उगाळून किंवा मधातून चाटवण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. भाषाविकासाला त्याचा उपयोग होतो असे सिद्ध झालेले नाही. वेखंडातील बीटा-असारोन या घटकाच्या विषारीपणामुळे अमेरिकेत १९६८ पासून त्याचा खाद्यपदार्थांत वापर करण्यास बंदी आहे. वर्षाखालील मुलांना मधही वर्ज्य सांगितला जातो.

‘जीभ जड आहे’ असे म्हणून जिभेखालील पापुद्रा कापून घेण्याचा आग्रह धरला जातो. तो आखूड असल्यास दूध ओढण्यात आणि काही उच्चारांत अडथळा येऊ शकतो, पण मूल शब्दच बोलत नसेल तर त्याचे कारण तेथे नसते.

घरात मराठी, सांभाळणाऱ्या बाईंशी हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा वातावरणामुळे मूल गोंधळते, ही समजूत शहरांत फार पसरलेली आहे. परदेशांतील मराठी कुटुंबांनाही घरची भाषा सोडण्याचा सल्ला मिळत आला आहे. एकाहून अधिक भाषांमुळे भाषाविकास खुंटत नाही. शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द एकत्र धरावे लागतात इतकेच. उलट, मराठी सोडून पालक अडखळत्या इंग्रजीत बोलू लागले की मुलाच्या कानावर पडणारी भाषाच तोकडी होते.

आइनस्टाइन उशिरा बोलला, हे उदाहरण हमखास दिले जाते. त्याने स्वतः एका पत्रात आपण उशिरा बोलू लागल्याने आई-वडिलांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याचे लिहिले आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस सोवेल यांचा मुलगा उशिरा बोलला. त्यांनी अशा पालकांचा गट जमवून १९९७ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि २००१ मधील दुसऱ्या पुस्तकात ‘आइनस्टाइन सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ केली. बुद्धिमान मुलांवर घाईने स्वमग्नतेचा शिक्का बसतो, ही त्यांची तक्रार दखलपात्र आहे. तथापि त्यांच्याकडे आपणहून आलेल्या कुटुंबांवरून सर्व मुलांविषयी अनुमान काढता येत नाही.

भारतातील सेवा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारी वैद्यकीय पथके विकासातील विलंबाचीही तपासणी करतात आणि गरज भासल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ही सेवा विनाशुल्क आहे. गरोदरपणात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे छापलेले असतात. लसीकरणाच्या तारखांपलीकडे ते कार्ड क्वचितच उघडले जाते. भाषाविकास मोजण्यासाठी तिरुवनंतपुरम येथील बालविकास केंद्राने तयार केलेली ‘लेस्ट’ ही मापनश्रेणी भारतात वापरली जाते.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवण क्षेत्रात काम करते; जन्मजात बहिऱ्या मुलांना कॉक्लियर इम्प्लान्टसाठी मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्याचे काम तिच्यामार्फत चालते. मुंबईतील नायर रुग्णालय आणि पुण्यातील भारती विद्यापीठ येथे श्रवण व वाचोपचाराचे पदवी शिक्षण दिले जाते आणि तेथे रुग्णांची तपासणीही होते. वाचोपचारतज्ज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते व तिचा क्रमांक पालकांना विचारता येतो. ग्रामीण भागात असे तज्ज्ञ फार थोडे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा अक्षमता हा स्वतंत्र प्रवर्ग आहे, परंतु तो कायमस्वरूपी अक्षमतेसाठी असल्याने निव्वळ उशिरा बोलणारे मूल त्यात मोडत नाही.